पिंपातले यीस्ट आणि टेबलावरचा रोबोट : एका घरगुती खटाटोपाचा इतिहास

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई३’ धोरणाला मंजुरी दिली. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्हींसाठी जैवतंत्रज्ञान, असा या नावाचा अर्थ. सूक्ष्मजीवांना मोठमोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून औषधे, प्रथिने, रसायने आणि इंधने तयार करून घेणारा उद्योग देशात उभा करावा, हा त्यामागील हेतू. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात दुसरी घोषणा झाली. येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारल्या जातील, म्हणजे विद्यार्थ्यांनी संवेदक, मोटारी, तारा आणि छोटे संगणक हाताळून स्वतः यंत्रे बांधावीत. एक घोषणा जिवंत पेशींविषयी होती, दुसरी यंत्रांविषयी. वर्तमानपत्रांनीही त्या निरनिराळ्या बातम्या म्हणूनच छापल्या.

जगात मात्र एक छंद असा आहे, ज्याने या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर आणल्या. घरी बिअर आंबवायची आणि तिच्यावर देखरेख ठेवणारा रोबोटही घरीच बांधायचा, असा हा दुहेरी खटाटोप. वरकरणी तो सुखवस्तू देशांतील रिकामटेकड्यांचा विरंगुळा वाटतो. त्याची मुळे शोधू लागले की उष्णता मोजण्याचे शास्त्र, संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, स्वयंचलित नियंत्रण आणि खुल्या संगणकाची चळवळ असे विज्ञानाचे अनेक प्रवाह त्याच्यापाशी येऊन मिळतात. भारताने नव्याने धरलेल्या वाटेसाठीही या इतिहासात बराच शिधा आहे.

बिअर करण्याची कृती सांगायला सोपी आहे. जव भिजवून मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे आणि गरम पाण्यात धरायचे. धान्यातील विकरे पिष्टाची साखर करतात. तो गोड अर्क हॉप्सच्या कळ्यांसह उकळून थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. मात्र या कृतीतील प्रत्येक पायरी तापमानाच्या अरुंद पट्टीवर चालते. भरड्याचे पाणी साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस असावे लागते. ते फार तापले तर विकरे नष्ट होतात, थंड राहिले तर त्यांचे काम रेंगाळते. पुढे एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंशांत सुखाने काम करते, तर लागर प्रकारच्या यीस्टला ८ ते १२ अंशांचा गारवा मानवतो. त्यात आणखी एक अडचण अशी की आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता निर्माण करते. खोली कितीही गार ठेवली तरी पिंपाच्या पोटातले द्रावण तिच्याहून काही अंशांनी तापलेले असते आणि उष्णता हाताबाहेर गेली की पेयाला नको तो उग्र वास येतो.

तापमापी नव्हता तेव्हा हे सारे मद्यकार अंदाजाने सांभाळत. पाण्यात बोट बुडवून चटका किती बसतो ते पाहायचे किंवा उकळलेल्या पाण्यावरची वाफ विरळ होऊन त्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला की धान्य टाकायचे, असे त्यांचे ठोकताळे होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये मायकेल कोंब्रून याने मद्यनिर्मितीवर लिहिताना तापमापीचा आग्रह धरला. त्याचा निबंध १७५८ मध्ये आणि विस्तृत ग्रंथ १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या कारागिरांना ही काचेची नळी म्हणजे आपल्या हातगुणावरचा अविश्वास वाटे. हॅम्पशायर परगण्यातील जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुण मद्यकाराला तापमापी वडिलांच्या नजरेआड लपवून वापरावा लागला, असे सांगितले जाते. नवे मोजमाप आणि जुना हात यांच्यातील हा संघर्ष पुढे प्रत्येक शतकात वेगळ्या रूपाने परतत राहिला.

तापमापीपाठोपाठ पिंपाशी हायड्रोमीटर आला. आपल्याकडे दूध डेअरीत पाण्याची भेसळ ओळखण्यासाठी लॅक्टोमीटर बुडवतात, त्याच कुळातले हे उपकरण. द्रवात साखर जास्त असेल तर तो वर तरंगतो, यीस्टने साखर खाऊन टाकली की खाली बसतो. अर्कात किती साखर होती आणि आंबल्यावर किती उरली, यांतील फरकावरून मद्यार्काचे प्रमाण काढता येते. हल येथील जॉन रिचर्डसन याने १७८४ मध्ये या मोजणीवर पुस्तक लिहिले. त्याच्या आकड्यांनी एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. स्वस्त म्हणून वापरला जाणारा गडद तपकिरी माल्ट प्रत्यक्षात फारच कमी साखर देत होता, तर महाग वाटणारा फिकट माल्ट हिशेबाने परवडत होता. पुढील काही दशकांत लंडनच्या प्रसिद्ध पोर्टर बिअरची घडणच या ज्ञानाने बदलून गेली. तरंगणाऱ्या एका नळीने परंपरेचा ताळेबंद मांडला होता.

मोजण्याची ही सवय पिंपापुरती मर्यादित राहिली नाही. जेम्स प्रेस्कॉट जूल हा सॅलफर्ड येथील श्रीमंत मद्यकाराचा मुलगा. त्याचा जन्म १८१८ चा. कौटुंबिक व्यवसायात काम करत असतानाच तो घरच्या प्रयोगशाळेत विजेची यंत्रे बांधू लागला. मद्यशाळेतील वाफेच्या इंजिनांची जागा नव्या विद्युत मोटारींना घेता येईल का, हा त्याचा आरंभीचा प्रश्न होता. त्या काळच्या विद्युतघटात जळणारे जस्त कोळशाच्या मानाने फार महाग पडते, असे उत्तर हाती आले. परंतु हिशेब करता करता तो काम आणि उष्णता यांच्या नात्यापर्यंत पोहोचला. पाण्यात फिरणाऱ्या पात्यांनी पाणी किती तापते, हे मोजताना अंशाचेही अतिसूक्ष्म भाग वाचावे लागत. जूलने फॅरनहाइटच्या अंशाचा दोनशेवा भाग वाचल्याचा दावा केला तेव्हा अनेकांना तो पटेना. विज्ञानेतिहासकार ओटो सिबुम यांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि अशा तापमापनकौशल्याचे नाते मद्यशाळेतील संस्कृतीशी जोडून दाखवले. आज ऊर्जेच्या एककाला आपण ज्याच्या नावाने ओळखतो, तो घरच्या घरी यंत्रे बांधणारा मद्यकारपुत्र होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्यशाळांनी स्वतःच प्रयोगशाळा उभारल्या. पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये आला आणि पेय नासण्यामागे परके सूक्ष्मजीव असतात, हे त्यांनी दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी कोपनहेगन येथे कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा स्थापन झाली होती. तेथे एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्टची पैदास केली. हे तंत्र आणि ते यीस्ट कार्ल्सबर्गने गुपित न ठेवता इतर मद्यशाळांनाही दिले. त्याच प्रयोगशाळेत १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी आम्लता मोजण्यासाठी पीएच ही मोजपट्टी मांडली. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेतील विल्यम गॉसेट यांनी थोड्या नमुन्यांवरून खात्रीलायक निष्कर्ष कसा काढावा, यावर १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने निबंध लिहिला. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाणारी ‘टी’ कसोटी तेथून निघाली. मोजमापाची अशी घसघशीत देणगी विज्ञानाला फार थोड्या उद्योगांनी दिली असेल.

आता यंत्राच्या बाजूकडे वळू. रोबोट म्हटले की माणसासारखे हातपाय असलेला पुतळा डोळ्यांसमोर येतो. हा शब्दही कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आलेला. परंतु रोबोटचे खरे लक्षण शरीरात नसून वागण्यात आहे. परिसर जाणणे, त्यावरून निर्णय घेणे आणि त्यानुसार कृती करणे, अशी तीन कामे जो स्वतः करतो तो रोबोट. या अर्थाने त्याचा एक दूरचा पूर्वज सतराव्या शतकाच्या आरंभी सापडतो. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अंडी उबवण्याच्या पेटीसाठी आपोआप उष्णता राखणारी भट्टी बनवली. नळीत भरलेला मद्यार्क तापून फुगला की तो पाऱ्याला ढकली आणि पारा हवेची झडप मिटवी. आग मंदावे, मद्यार्क आकसे, झडप पुन्हा उघडे. परिणाम पाहून कारण बदलण्याच्या या चक्राला आज फीडबॅक म्हणतात.

या चक्राला गणिती रूप मिळाले ते जहाजावर. निकोलस मिनोर्स्की यांनी कसलेल्या सुकाणूधारकांचे निरीक्षण करून १९२२ मध्ये आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. चांगला सुकाणूधारक जहाज आत्ता किती भरकटले आहे एवढेच पाहत नाही. गेला काही वेळ ते किती भरकटत आले आणि आता कोणत्या वेगाने वळते आहे, याचाही तो मनात हिशेब ठेवतो. वर्तमान, भूत आणि भविष्य यांची ही त्रिसूत्री ‘पीआयडी’ या नावाने आजही जगभरच्या कारखान्यांत चालते. पुढे १९४८-४९ च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर यांनी एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवे बांधली. सहज मिळणाऱ्या मोजक्या सुट्या भागांतून उभी राहिलेली ही कासवे प्रकाशाकडे सरकत, अडथळा टाळत आणि विद्युतघट उतरू लागला की आपल्या घरट्याकडे परतत. हौशी रोबोटबांधणीच्या परंपरेत त्यांना मानाचे स्थान आहे.

पिंप आणि कासव यांची घरात गाठ पडायची, तर आधी घरात पिंप असायला कायद्याची परवानगी हवी होती. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करण्यास परवाना लागे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती द्राक्षमद्याला सवलत मिळाली, पण बिअर तिच्यातून वगळली गेली. पुढची पंचेचाळीस वर्षे घरी बिअर आंबवणारा प्रत्येक जण तांत्रिकदृष्ट्या गुन्हेगार होता. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सुधारणेवर स्वाक्षरी केली. दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर स्वतःसाठी करण्यास संघराज्याच्या करातून मोकळीक मिळाली. त्याच वर्षी चार्ली पपाझियन यांनी आपल्या सहकाऱ्यासह कोलोराडोत हौशी मद्यकारांची संघटना स्थापन केली. पपाझियन अणुअभियांत्रिकीचे पदवीधर होते, हेही या छंदाच्या स्वभावाला साजेसेच.

दारूबंदीच्या वर्षांत अमेरिकेच्या बोलीत ‘होमब्रू’ म्हणजे घरी गाळलेले, हा शब्द रुळला होता. हौशी रेडिओवाल्यांनी तो उचलला आणि स्वतः जोडलेल्या रेडिओसंचालाही होमब्रू म्हणू लागले. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथील एका गॅरेजमध्ये काही संगणकवेडे जमले. त्यांच्या मंडळाने ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ हे नाव घेतले. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी आपला पहिला ॲपल संगणक याच मंडळींपुढे मांडला. पुढे २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त नियंत्रक पट्टी तयार झाली. तिच्या कर्त्यांचा अड्डा गावातील ज्या बारमध्ये जमे, तो हजार वर्षांपूर्वीच्या आर्दुइनो राजाच्या नावाचा होता. त्या बारवरून पट्टीचे नावही आर्दुइनो पडले. तिचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवण्यात आले. २०१२ च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा संगणक आला. गॅरेजमधला हौशी माणूस आता कारखान्याच्या तोडीचे नियंत्रण खिशाला परवडेल अशा किमतीत करू शकत होता.

दोन्ही छंदांची गाठ येथे पक्की बसली. नेदरलँड्समधून निघालेल्या ब्रूपाय या खुल्या प्रकल्पात आर्दुइनो आणि रास्पबेरी पाय यांना जुन्या फ्रिजला जोडण्यात आले. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पोलादी टोपणात बंद केलेला एक संवेदक पिंपातील द्रावणात, दुसरा फ्रिजच्या हवेत असतो. फ्रिज लागलीच गार होतो, पण वीस लिटर द्रावण गार व्हायला कितीतरी वेळ घेते. द्रावण इच्छित तापमानाला पोहोचेपर्यंत फ्रिज चालू ठेवला, तर नंतरही ते गार होत राहते आणि यीस्ट गारठून निपचित पडते. म्हणून नियंत्रक द्रावणाकडे पाहून हवेचे लक्ष्य ठरवतो आणि लक्ष्य जवळ येण्याआधीच हात आखडता घेतो. मिनोर्स्कींच्या सुकाणूधारकाचीच ही युक्ती. शिवाय कॉम्प्रेसर बंद झाल्यावर लगेच पुन्हा चालू झाला तर जळण्याचा धोका असतो, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये सक्तीची विश्रांती ठेवावी लागते. थंडीच्या रात्री फ्रिजमधला छोटा तापक सुरू करण्याचे कामही त्याच्याकडेच.

रिचर्डसनच्या हायड्रोमीटरलाही या काळात नवा जन्म मिळाला. जर्मनीतील हौशींनी ‘आयस्पिंडेल’ नावाचे खुले उपकरण तयार केले. जर्मन भाषेत ‘श्पिंडेल’ म्हणजे हायड्रोमीटरच. बाटली फुगवण्यापूर्वीच्या जाड प्लास्टिकच्या नळकांड्यात विद्युतघट, कल मोजणारा संवेदक आणि वायफायची चकती बसवायची आणि ते पिंपात सोडून द्यायचे. साखर भरपूर असेल तेव्हा ते आडवे कलते, साखर संपत जाईल तसे उभे राहू लागते. कलाचा कोन दर काही मिनिटांनी घरातल्या संगणकाकडे जातो आणि पडद्यावर उताराची रेषा उमटते. ती सपाट झाली की यीस्टचे जेवण उरकले. झाकण न उघडता पिंपाच्या आतली बातमी कळणे, हे अठराव्या शतकातील मद्यकाराला जादूटोण्यासारखे वाटले असते.

तरीही या रोबोटच्या मर्यादा इतिहासाने तितक्याच स्पष्ट केल्या आहेत. तो तापमान राखतो, घनता मोजतो, पंप चालवतो. आंबवण्याचे काम मात्र यीस्टच करते आणि तेही आपल्या वेळाने. भांडे नीट निर्जंतुक केले नसेल तर अचूक तापमानात परके जिवाणूही तितक्याच सुखाने वाढतात. सगळेच यंत्राच्या स्वाधीन केले तर काय होते, याचाही धडा मिळाला. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांच्या पिकोब्रू या कंपनीने सिएटलमध्ये बिअर करणारी स्वयंचलित घरगुती यंत्रे बाजारात आणली. ती पाककृती आणि सूचना कंपनीच्या सर्व्हरवरून घेत. २०२० मध्ये कंपनी बुडाली आणि स्वयंपाकघरांतली ती देखणी यंत्रे पोरकी होण्याची वेळ आली. त्यांना वाचवले ते हौशींनीच. यंत्राची बोली उलगडून त्यांनी पर्यायी सर्व्हर लिहिला आणि तो रास्पबेरी पायवर चालवला. हान्सेनचे यीस्ट, आर्दुइनोचे आराखडे आणि हा सर्व्हर यांत दीडशे वर्षांचे अंतर असले तरी सूत्र एकच आहे. खुले ज्ञान मालकाच्या मृत्यूनंतरही जगते.

भारतात या छंदाची कथा वेगळ्या वळणाने गेली. आंबवण्याचे ज्ञान येथे परके कधीच नव्हते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक नावाच्या मद्यासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व अशी चोख मापे तेथे दिली आहेत. किण्वन हा आजचा शास्त्रीय शब्द त्याच किण्वापासून आला. त्याहून लक्षणीय आहे ती त्यातील सवलत. मद्यावर राज्याचे कडक नियंत्रण सांगणारा हा ग्रंथ कुटुंबांना मंगलप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा देतो. उत्सव आणि यात्रांसाठी चार दिवसांची मोकळीकही त्यात नोंदलेली आहे. घरगुती मद्यासंबंधीच्या कायद्याचा हा फार जुना दाखला म्हटला पाहिजे.

ब्रिटिश काळात घरगुती किण्वन महसुलाच्या चौकटीत अडकले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हे त्याचे आपल्या भागातील ठळक उदाहरण. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले आणि हा विषय राज्यांकडे आला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे बहुतेक राज्यांत गुन्हा ठरते. काही राज्यांनी आदिवासी समाजांना स्वतःच्या वापरासाठी तांदळाची पारंपरिक बिअर करण्यास मर्यादित सवलत दिली आहे. आसाममधील दिमासा समाजाच्या ‘जुदिमा’ या तांदळाच्या मद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या निर्बंधांमागे विषारी दारूने गेलेले बळी आणि व्यसनाने मोडलेले संसार आहेत, हे विसरून चालणार नाही. त्यांची दुसरी बाजू अशी की ज्या टेबलावर यीस्ट आणि आर्दुइनो एकत्र आले, ते टेबल भारतीय घरात मांडलेच गेले नाही.

अपवाद घडला तो उद्योगाच्या दारातून. किरण मझुमदार-शॉ यांचे वडील बंगळुरूच्या युनायटेड ब्रुअरीज या कंपनीत मुख्य मद्यकार होते. किरण यांनी ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे मद्यनिर्मितीचे शिक्षण घेतले. त्या अभ्यासक्रमात त्या एकट्याच महिला होत्या. १९७५ मध्ये पदवी घेऊन परतल्यावर हे पुरुषांचे क्षेत्र आहे, असे कारण सांगून भारतातील मद्यशाळांनी त्यांना दारे बंद केली. ज्या १९७८ मध्ये अमेरिकेत घरगुती बिअरवरची बंदी उठली, त्याच वर्षी त्यांनी बंगळुरूत भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, १०,००० रुपयांच्या भांडवलावर बायोकॉन सुरू केली. पहिली उत्पादने होती पपईपासूनचे पपेन आणि माशाच्या वाताशयापासूनचे आयसिंग्लास. दोन्ही पदार्थ बिअर नितळ करण्यासाठी वापरले जात. पुढे कंपनीने घन माध्यमावर किण्वन करणारा संगणकनियंत्रित जैवभट्टीचा नमुना विकसित केला. २००४ मध्ये पिकिया नावाच्या यीस्टकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. बिअरच्या पिंपाशी शिकलेली तापमान, आम्लता आणि स्वच्छता यांची शिस्त मधुमेहींच्या औषधापर्यंत कशी पोहोचते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही.

इन्सुलिनची टाकी आणि बिअरचे पिंप यांचे शास्त्र मुळात एकच आहे. दोन्हीकडे एक जिवंत पेशी, तिचे अन्न, तिला मानवेल अशी ऊब आणि तिच्यावर अखंड नजर ठेवणारे यंत्र असते. बायोई३ धोरणाला जी माणसे लागतील, त्यांना या दोन्ही भाषा यायला हव्यात. टिंकरिंग प्रयोगशाळांच्या साहित्यात संवेदक, नियंत्रक पट्ट्या, रोबोटचे संच आणि त्रिमित मुद्रक प्रामुख्याने असतात. त्यांच्याशेजारी एक जिवंत भांडे ठेवले तर हे दुहेरी शिक्षण शालेय वयातच सुरू होऊ शकते. त्यासाठी बिअरची गरज नाही आणि शाळेत तिला स्थानही नाही.

विरजण आहे. इडलीचे पीठ आहे. थंडीत दही लागत नाही म्हणून भांडे घोंगडीत गुंडाळणारी किंवा कोमट चुलीजवळ सरकवणारी आजी मिनोर्स्कींचेच काम करत असते. थर्माकोलची पेटी, कमी दाबावर चालणारा तापक, शे-दोनशे रुपयांचा तापसंवेदक आणि एक आर्दुइनो एवढ्या साहित्यात दूध ४२ अंशांवर राखणारा छोटा रोबोट उभा राहतो. शेजारी दुसरे भांडे उघड्यावर ठेवायचे, दर अर्ध्या तासाला दोन्हींची आम्लता मोजायची आणि आलेख काढायचा. इडलीच्या पिठावर अंतरमापक संवेदक बसवला तर ल्युकोनोस्टॉक जिवाणूंच्या वायूने पीठ किती वेगाने फुगते, तेही रात्रभर नोंदवता येते. त्या एका प्रयोगात सोरेनसेन यांची मोजपट्टी, ड्रेबेल यांचे चक्र आणि गॉसेट यांचा नमुन्यांचा प्रश्न, सारे काही हजर असते. मूल चुकले तर दही फसफसते किंवा पातळ राहते आणि चुकीची चवसुद्धा कळते.

बॅव्हरस्टॉकने वडिलांपासून तापमापी लपवला, तेव्हा हात श्रेष्ठ की यंत्र हा वाद होता. अडीचशे वर्षांच्या या इतिहासाने त्याचे उत्तर दिले आहे. यंत्रामुळे हात रिकामा झाला नाही. कशाकडे लक्ष द्यायचे हे त्याला नेमके कळू लागले. पेशीला घाई करता येत नाही, तिला हवे ते मात्र वेळेवर देता येते. देशातील हजारो शाळांतून उभे राहणारे रोबोट हा धडा एखाद्या चाकावरच्या गाडीपेक्षा दह्याच्या भांड्याशेजारी बसून अधिक चांगला शिकतील.

#विज्ञानाचाइतिहास #किण्वन #रोबोटिक्स #जैवतंत्रज्ञान